झाडावरचं ते करडं काहीतरी

आपल्याकडे ‘हे काय आहे?’ या प्रश्नाला ‘माहीत नाही’ असं उत्तर मिळणं जवळजवळ अशक्य आहे. पत्ता विचारा, माणूस तुम्हाला भलत्या गल्लीत पाठवेल पण नाही म्हणणार नाही. पक्षी दाखवा, तो कोतवाल असतो. नसला तर ‘कोतवालातलाच, पण दुसरा’ असतो. या आत्मविश्वासाची कसोटी ज्याला बघायची असेल त्याने महाबळेश्वरात एखाद्या जांभळाच्या किंवा हिरड्याच्या खोडासमोर उभं राहावं, खिशातून भिंग काढावं आणि सालीवर पसरलेल्या करड्या-हिरव्या, कडा वर उचललेल्या त्या पानासारख्या पापुद्र्याला नाक लावावं. पाच मिनिटांत मागे गर्दी होते आणि दहा मिनिटांत निदान.

एक निवृत्त अधिकारी म्हणतात, “शेवाळ आहे.” त्यांच्या सुरात फाइल बंद झालेली असते. औषध कंपनीत हयात घालवलेले गृहस्थ ती लगेच पुन्हा उघडतात. “शेवाळ कसलं? फंगस आहे. स्प्रे मारायला पाहिजे.” तिसरे म्हणतात, “झाडाचं वय झालं की येतंच हे,” आणि बोलता बोलता स्वतःच्या हातावरचे डाग बाहीखाली सारतात. घोडेवाला लांबूनच सांगतो, “औषधी आहे, साहेब.”

“कशावर?”

“सगळ्यावर.”

एवढ्यात गोडा मसाला अजूनही घरी करणाऱ्या एक काकू पुढे येतात. “अहो, हे तर दगडफूल! मसाल्यात घालतो आपण.” त्यांच्या मागे उभे असलेले काका तोवर भेळ खात असतात. ते आता प्रथमच त्या खोडाकडे नीट बघतात, आणि लग्नापासून आजवर आपण काय काय खाल्लं याचा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसू लागतो.

गंमत अशी, की यातलं कुणीच पूर्ण चूक नसतं. हे असतं शैवाक, म्हणजे लायकेन. त्यात बुरशी असते आणि शेवाळही असतं. बुरशी घर बांधते, शेवाळ उन्हावर स्वयंपाक करतं, आणि घरावर पाटी बुरशीची लागते. शैवाकाचं शास्त्रीय नाव म्हणजे त्यातल्या बुरशीचं नाव. झाडाचा संबंध बसायच्या जागेपुरता. पाणी धुक्यातून आणि पावसातून येतं, क्षार धुळीतून येतात. झाडाच्या अन्नाला हात लागत नाही. तेव्हा रोग म्हणणाऱ्यांचे गुण कापायला हवेत. वय झालं म्हणणाऱ्यांना थोडे द्यायला हरकत नाही, कारण शैवाक वाढतं वर्षाला काही मिलिमीटर. वीतभर पसरायला झाडही तितकंच सोशिक लागतं. शेवाळवाले आणि बुरशीवाले मात्र दोघेही अर्धे बरोबर. तरीही ते एकमेकांचं ऐकून घेत नाहीत.

त्यात त्यांना कमीपणा वाटायचं कारण नाही. हेच भांडण युरोपातल्या नामवंत विद्वानांनी काही दशकं भांडून ठेवलेलं आहे. १८६७ साली सायमन श्वेंडेनर या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने जाहीर केलं, की शैवाक हा एक जीव नाहीच. बुरशी ही मालकीण आहे आणि शेवाळ तिने राबवलेला गुलाम. शैवाकतज्ज्ञांचं पित्त खवळलं. ज्या थोर पुरुषाचं चरित्र लिहिण्यात हयात घालवली ती प्रत्यक्षात दोन माणसं होती असं कळलं, तर चरित्रकाराचं काय होईल? जेम्स क्रॉम्बी हे ब्रिटनमधले शैवाकतज्ज्ञ पेशाने पाद्री होते. बंदिवान शेवाळकन्या आणि जुलमी बुरशीराजा यांची ही सनसनाटी प्रेमकथा असल्याची टिंगल त्यांनी केली. पॅरिसमध्ये राहणारे फिनलंडचे विल्यम न्यूलांडर हे तर त्या काळातले शैवाकांचे सर्वात मोठे जाणकार. त्यांनी हा सिद्धान्त शेवटपर्यंत मान्य केला नाही. आज शाळेतली पोरंही शैवाक म्हणजे सहजीवन असं घडाघडा लिहितात, आणि न्यूलांडर यांना त्या उत्तरात एकही गुण मिळाला नसता.

आणि एवढ्यावर भागलं म्हणाल, तर तेही नाही. २०१६ साली टोबी स्प्रिबिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक शैवाकांच्या वरच्या सालीत तिसराच भिडू दाखवून दिला: यीस्ट. उत्तर अमेरिकेतली दोन केसाळ शैवाकं, एक पिवळं आणि विषारी, दुसरं तपकिरी आणि निरुपद्रवी. दोन्हींतली बुरशी तीच, शेवाळही तेच, आणि त्यांना फरक आढळला तो यीस्टच्या प्रमाणात. म्हणजे महाबळेश्वरच्या गर्दीतून कुणी “हे तर पावातलं यीस्ट” असं ओरडलं असतं, तरी त्याला हाताला धरून बाहेर काढायची सोय राहिलेली नाही.

आता ओळखायचं कसं? आमचे एक स्नेही वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आहेत. त्यांना सगळे ‘सर’ म्हणतात. सरांच्या मते पहिली पायरी नखाची. खोडावर रंग सांडल्यासारखं दिसतं आणि नखाने निघता निघत नाही, ते कवचासारखं शैवाक. झुडपासारखं उभं राहतं किंवा दाढीसारखं लोंबतं, ते झुडपी. आणि ज्याच्या कडेखाली नख शिरतं, ज्याला वरची बाजू एका रंगाची आणि खालची दुसऱ्या रंगाची असते, ते पानासारखं. पानासारख्याचा एक कोपरा सर हलकेच उचलतात. वर राखाडी, खाली काळं कुळकुळीत, कडेला तपकिरी गुळगुळीत पट्टा, आणि त्या पट्ट्यावर पकड घेणारे धागे नाहीत. हे दिसलं की सरांचा चेहरा उजळतो. “पार्मोट्रेमा,” ते म्हणतात, आणि क्षणभर थांबून, विद्वत्तेला शोभेल असं, “असावं.”

एवढ्या ‘असावं’वर गर्दीतले निम्मे लोक निघून जातात. तज्ज्ञ माणसाने ‘असावं’ म्हणणं आपल्याकडे बसत नाही. आपल्याला नाव हवं असतं, कारण नाव मिळालं की पुढे बघावं लागत नाही. शैवाकाचं उलटं आहे. त्याच्याकडे पुरेसं बघितल्याशिवाय ते नावच सांगत नाही, आणि पुरेसं म्हणजे किती, हेही तेच ठरवतं.

पुढचे प्रश्न पुस्तक विचारतं. जाती ओळखण्यासाठी प्रश्नांची जी साखळी असते तिला अभ्यासक ‘की’ म्हणतात. कडेला पापणीसारखे काळे केस आहेत का? पृष्ठभागावर पिठूळ दाणे आहेत, की बारीक खुंट? हे पीठ आणि हे खुंट म्हणजे शैवाकाची पुढची पिढी. त्यांतल्या प्रत्येक कणात बुरशीचा धागा आणि शेवाळाच्या पेशी बरोबरच निघतात. घर सोडतानाच जोडीदार सोबत, त्यामुळे वधूवरसूचक मंडळाची गरज पडत नाही. पीठ कडेला आहे की मध्यभागी? वरच्या सालीवर जाळीदार भेगा आहेत का? बशीसारखी फळं आली आहेत का? नसतील तर, पुस्तक शांतपणे सुचवतं, दुसरा नमुना पाहावा. शिवाय रंग कोरडा असताना बघावा, कारण भिजलं की वरची साल पारदर्शक होते, आतलं शेवाळ दिसू लागतं आणि राखाडी शैवाक हिरवं होऊन बसतं. ज्या गावात वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथे जुलैत ‘कोरडा नमुना’ शोधणाऱ्याकडे घोडेवालेसुद्धा सहानुभूतीने बघतात. सर झाडावरचं काही खरवडत नाहीत; वाऱ्याने पडलेल्या फांद्या गोळा करतात आणि त्या वर्तमानपत्रात गुंडाळून गाडीच्या डिकीत ठेवतात. बाकीचे लोक स्ट्रॉबेरी घेऊन उतरतात, सर सरपण.

यानंतर घरी रसायनं निघतात. याला जबाबदार पुन्हा न्यूलांडर. १८६६ साली त्यांनी दाखवून दिलं, की कॉस्टिक पोटॅश आणि ब्लीच यांचा एकेक थेंब टाकला तर वेगवेगळी शैवाकं वेगवेगळे रंग देतात, कारण प्रत्येकाच्या पोटात वेगळी आम्लं असतात. पुढे १९३० च्या दशकात जपानच्या यासुहिको असाहिना यांनी आणखी एक रसायन सुचवलं. ते विषारी, लागेल तिथे डाग पाडणारं, आणि स्पिरिटात कालवलं की दुसऱ्या दिवशी निकामी. त्यामुळे सरांच्या घरी त्याला बंदी आहे. ते काम कॉलेजच्या प्रयोगशाळेत होतं. घरी चालतं ते न्हाणीघरातलं ब्लीच. दाढीच्या पात्याने वरची साल अलगद खरवडायची, आतला पांढरा कापसासारखा थर उघडा करायचा, त्यावर एक थेंब ठेवायचा आणि श्वास रोखायचा. थेंबाखाली लालभडक रंग चढला, कडेला केस नसले आणि पृष्ठभागावर बारीक खुंट असले, तर ते पार्मोट्रेमा टिंक्टोरम. लाल करणाऱ्या त्या पदार्थाचं नाव लेकॅनोरिक आम्ल. शैवाकांच्या असल्या आम्लांपासून लोक पूर्वी जांभळे रंग करत, आणि शाळेच्या प्रयोगशाळेतला लिटमस कागदही मुळात एका शैवाकाच्याच रंगाने रंगवलेला असे. म्हणजे दहावीच्या वर्गात आम्लारीचा निकाल ज्याने दिला, त्याचेच भाऊबंद आज खोडावरून आपल्याकडे बघताहेत आणि आपण त्यांना ओळख दाखवत नाही.

रंगांचा निकाल लावणं मात्र सोपं नाही. पुस्तक म्हणतं, ‘पिवळा, मग नारिंगी’. दुसऱ्या जातीला म्हणतं, ‘पिवळा, मग रक्तासारखा लाल’. या दोन्हींच्या मधला जो प्रदेश आहे तिथे भले भले अभ्यासक हरवतात. पुरुषांच्या डोळ्याला एकूण सात रंग दिसतात आणि त्यातले दोन क्रिकेट संघांच्या कपड्यांचे असतात. म्हणून सरांच्या घरी शेवटचा शब्द सरांच्या पत्नींचा. त्यांनी साड्यांच्या दुकानात, पांढऱ्या गादीवर बसून, जे शिक्षण घेतलंय ते कुठल्याही विद्यापीठात मिळत नाही. सर थेंब टाकतात आणि हाक मारतात. त्या हात पुसत येतात, भिंगाशिवाय बघतात.

“नारिंगी ना?” सर विचारतात.

“नारिंगी कसला? अबोली आहे. आणि कडेला शेंदरी होत चाललाय. अहो, जाईल तो, लिहून घ्या लवकर.”

खरोखरच काही रंग क्षणभर दिसून जातात, आणि ब्लीच जुनं असेल तर येतच नाहीत. एकदा नमुना ढिम्म बसला तेव्हा बाईंनी बाटलीवरची तारीख वाचली आणि नमुन्याची निर्दोष सुटका केली. सरांच्या वहीत आता नारिंगी हा शब्द नाही. तिथे आमसुली, डाळिंबी, मोतिया अशा नोंदी असतात. परदेशी अभ्यासकाला ही वही दाखवायची झाली, तर सोबत एक शालू पाठवावा लागेल.

पुण्यात शैवाक पुडीत मिळण्याच्या जागा दोन. एक आघारकर संशोधन संस्था. डॉ. पी. जी. पटवर्धन आणि डॉ. उर्मिला मखीजा यांच्यासारख्या अभ्यासकांनी वर्षानुवर्षं जमवलेली आणि तपासलेली शैवाकं तिथल्या संग्रहात घडीच्या कागदी पुड्यांत जपलेली आहेत. वर नाव, गाव, झाड आणि गोळा करणाऱ्याची सही. दुसरी जागा म्हणजे कोपऱ्यावरचा वाणी. त्याच्याकडे सर गेले होते.

“दगडफूल द्या.”

“किती?”

“यात जाती कुठल्या कुठल्या आहेत?”

“एकच. फर्स्ट क्वालिटी.”

घरी येऊन सरांनी ती पुडी वर्तमानपत्रावर ओतली आणि चिमटा घेऊन बसले. बाजारातलं दगडफूल बरंचसं हिमालयाच्या उतारांवरून येतं. उत्तराखंडात लोक ते बांज ओकच्या आणि इतर झाडांवरून गोळा करतात, तिथे त्याला झूला म्हणतात. सालीवरून जे हाताला येईल ते पोत्यात जातं. त्यामुळे एका पुडीत पार्मोट्रेमाच्या दोन-तीन जाती, अरुंद फितींचं हायपोट्राकिना, दाढीवाल्या उस्नियाचे चार केस, शेवाळाची चिमूट आणि खुद्द बांजाची साल, असा सगळा परिवार निघाला. सरांनी सात ढीग केले. बाई दारात उभ्या राहून बघत होत्या. “तांदूळ निवडायला सांगितले की यांचा चष्मा सापडत नाही,” त्या म्हणाल्या, आणि सातही ढीग एका हाताने एकत्र करून तेलात टाकले. कच्च्या दगडफुलाला वास जवळजवळ नसतोच; तेलात पडलं की सगळं घर ओळखतं. त्या वासाने सरांचा विरोध मावळला. मसाला नेहमीसारखाच झाला. बुरशीशास्त्राचं जे काही नुकसान झालं असेल ते आमटीत कळलं नाही.

नाव पक्कं झालं तरी सुटका होत नाही, कारण नावं टिकत नाहीत. ज्या दगडफुलाला जुनी पुस्तकं पार्मेलिया पर्लाटा म्हणतात, त्याला पुढे पार्मोट्रेमा चायनेन्स म्हणायचं ठरलं, मग पार्मोट्रेमा पर्लाटम म्हणायचं ठरलं. आपल्याकडे रस्त्यांची नावं बदलतात तेव्हा निदान एक पाटी लागते आणि नगरसेवकाचा हार घातलेला फोटो येतो. इथे काहीच होत नाही. एक दिवस सर उठतात आणि त्यांच्या कपाटातल्या निम्म्या पुड्या जुन्या झालेल्या असतात. वाण्याकडे मात्र तेव्हाही दगडफूलच होतं आणि आताही दगडफूलच आहे.

हे सगळं मला नव्याने आठवायचं कारण आमच्या सोसायटीचा आंबा. त्याच्या खोडावर करडे गोल चट्टे दिसू लागले आणि सूचनाफलकावर कागद लागला: ‘आवारातील आम्रवृक्षास त्वचारोग झाल्याचे निदर्शनास आले आहे. सभासदांनी सूचना द्याव्यात.’ सूचना आल्या. गेरू-चुना लावा, कडुनिंबाचं पाणी मारा, वाहनं लांब लावा, लागण होईल. एका सभासदाने झाड तोडायचंच सुचवलं. त्यांना तिथे गाडी लावायची होती. अखेर सरांना बोलावलं.

सरांनी आधी सेक्रेटरींचं अभिनंदन केलं. १८६६ मध्येच न्यूलांडर यांनी पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतल्या शैवाकांवरून सांगितलं होतं, की हवा बिघडली की शैवाकं निघून जातात. गंधकाचा धूर त्यांतल्या बहुतेकांना सोसत नाही. तेव्हा तुमच्याकडे निदान जे काही तग धरून आहे त्याचा आनंद माना, असं सरांचं म्हणणं. सेक्रेटरींनी ‘तग धरून आहे’ एवढंच टिपून घेतलं. मग सर खोडाकडे वळले. नख कडेखाली जाईना, इतकं ते सालीला चिकटलेलं. राखाडी बारीक फिती, मधूनमधून पीठ. पिक्सिन कोकोइसची शंका होती. धुराधुळीला दाद न देणारं हे शैवाक आपल्या शहरांतल्या आंब्यांवर हमखास राहतं. खात्रीसाठी अतिनील टॉर्च लागणार होता, नोटा तपासायला वापरतात तसा, आणि त्यासाठी अंधार. म्हणून सर रात्री पुन्हा आले.

रात्री आंब्याच्या खोडावर जांभळा उजेड फिरवणाऱ्या वयस्क गृहस्थांना आमच्या वॉचमनने पकडलं, हे त्याच्या नोकरीला धरूनच झालं. पण टॉर्चखाली ते चट्टे पिवळेधमक उजळले तेव्हा तोही वाकला. तो निघाला कुमाऊंचा. गावी झूला गोळा करायला लहानपणापासून जात असे. त्याने बोटाने एक कड चाचपली आणि निकाल दिला, “इसका भाव नहीं है, साहब.” मग त्याने पुण्यात दगडफूल काय दराने मिळतं ते विचारलं. सरांनी सांगितलं. त्यानंतर तो बराच वेळ त्याच्या गावच्या व्यापाऱ्याविषयी बोलत होता, आणि ते शास्त्रीय भाषेत नव्हतं.

पुढच्या सभेत सरांना नाव लेखी द्यायची विनंती झाली. टॉर्चमुळे या वेळी ‘असावं’ म्हणायची गरज राहिली नव्हती, म्हणून सर खुशीत होते. त्यांनी कागदावर ठळक अक्षरात ‘पिक्सिन कोकोइस’ लिहिलं, खाली ‘शैवाक, झाडास अपाय नाही, काहीही करू नये’ असं लिहून सही केली. सगळ्यांनी नाव मोठ्याने वाचलं, दोनदा वाचलं, आणि सभागृहात एकदम समाधान पसरलं. चट्ट्यांकडे त्यानंतर कुणी फिरकलं नाही. महिन्याने इतिवृत्त फलकावर लागलं: ‘आम्रवृक्षाच्या रोगाचे तज्ज्ञांकडून निदान करून घेण्यात आले. रोगाचे नाव पिक्सिन कोकोइस. रोग तूर्त आटोक्यात असून तज्ज्ञांचे आभार मानण्यात आले.’

मी ते सरांना दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला, कागद दोनदा वाचला, आणि म्हणाले, “नाव मात्र शुद्ध लिहिलंय.”